स्टुडिओ अल्बम की लाइव्ह अल्बम? बँड खरा कशात कळतो?

तुम्ही विचारलंय की रॉक नुकतंच ऐकायला लागलोय आणि मित्रांमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो स्टुडिओ अल्बम हेच बँडचं अस्सल काम. दुसरा म्हणतो लाइव्ह ऐकल्याशिवाय बँडबद्दल बोलूच नये. मग खरं कोणाचं? आणि लाइव्ह अल्बममध्ये मागाहून दुरुस्त्या करतात, हे कितपत खरं?

मी पहिल्यापासून दुसऱ्या तटातला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल ठाऊक असेल. तरी सरसकट निकाल मी देणार नाही. गाणं कळायला स्टुडिओ अल्बम पुरतो, वाजवणारी माणसं कळायला लाइव्ह लागतं. काही बँडच्या बाबतीत गाण्यापेक्षा वाजवणारे मोठे असतात आणि काहींच्या बाबतीत नेमकं उलट. तुमच्या मित्रांचा वाद मिटत नाही, कारण ते बहुतेक वेगवेगळे बँड डोळ्यांसमोर ठेवून भांडतायत.

वाचण्यापेक्षा आधी एक जोडी ऐका. डीप पर्पल या बँडचा ‘मशीन हेड’ मार्च १९७२ मध्ये आला. त्यातलं शेवटचं गाणं ‘स्पेस ट्रकिन’ साडेचार मिनिटांचं आहे. घट्ट बांधलेलं, एक रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा), एक धमाल कोरस, संपलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँड जपानला गेला, ओसाकात दोन आणि टोकियोत एक असे तीन कार्यक्रम झाले आणि त्यातून ‘मेड इन जपान’ हा डबल अल्बम निघाला. तिथे हेच गाणं जवळजवळ वीस मिनिटं चालतं. एलपीची एक अख्खी बाजू त्याला दिली आहे. मूळ गाणं सुरुवातीच्या काही मिनिटांतच आटोपतं. पुढे जॉन लॉर्ड ऑर्गनमधून असे आवाज काढतो की हे वाद्य कोणतं, असा प्रश्न पडावा. इयन पेस मागे ड्रम्सवर त्याला एक क्षण एकटं सोडत नाही, आणि मग रिची ब्लॅकमोर गिटार घेऊन घुसतो. ‘मशीन हेड’ कितीही वेळा ऐकला तरी या पाच जणांत एवढा दारूगोळा भरलाय, याचा पत्ता लागत नाही.

त्याच अल्बमवरचं ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ हेडफोन लावून ऐका. स्टुडिओत हे चारएक मिनिटांचं सरळ गाणं आहे. जपानमध्ये मधेच सगळं थबकतं आणि ब्लॅकमोर गिटारवर एक छोटा तुकडा टाकतो. गायक इयन गिलन तोच तुकडा गळ्यातून परत करतो. पुढचा तुकडा थोडा अवघड, तोही परत. दोघांचा चक्क सवाल-जवाब रंगतो. ब्लॅकमोर चाली बदलत राहतो, गिलन पिच्छा सोडत नाही आणि शेवटी अशी लांबलचक किंकाळी मारतो की पुढे बोलायला काही उरत नाही. हे लिहून काढता येत नाही आणि दुसऱ्या रात्री जसंच्या तसं होतही नाही. लाइव्हवाल्यांचं म्हणणं काय, ते या दोन मिनिटांत आहे. अल्बमवरची बहुतेक गाणी ओसाकातल्या दुसऱ्या रात्रीची आहेत. १९९३ मध्ये तिन्ही रात्री तीन सीडींवर आल्या आणि कोणत्या रात्रीचं कोणतं गाणं सरस, यावर चाहत्यांना कायमचा विषय मिळाला.

दुसरी जोडी ऑलमन ब्रदर्स बँडची. ‘व्हिपिंग पोस्ट’ त्यांच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर पाचएक मिनिटांचं आहे. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं तेच गाणं तेवीस मिनिटांचं आहे. सुरुवात बेरी ओकलीच्या एकट्या बेसने होते. बोटांवर मात्रा मोजा: तीन, तीन, तीन, दोन. अकरा मात्रांचं आवर्तन आहे ते, आणि रॉकमध्ये असली गिनती सहसा सापडत नाही. त्यावर दोन ड्रमर आणि दोन लीड गिटार चढतात. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत. एक बोलत असताना दुसरा ऐकतो आणि त्याने जिथे सोडलं तिथून उचलतो. मधे एका जागी सगळं इतकं हळू होतं की बँड थांबला, असं वाटावं, आणि त्या शांततेतून पाच-सहा जण एकत्र वर येतात. अल्बम संपताना टाळ्यांतच पुढच्या गाण्याची सुरुवात ऐकू येते आणि आवाज विरत जातो. ते पुढचं गाणं, ‘माउंटन जॅम’, १९७२ च्या ‘ईट अ पीच’वर आलं. त्याआधीच, २९ ऑक्टोबर १९७१ ला, ड्वेन ऑलमन मोटरसायकल अपघातात गेला. तो चोवीस वर्षांचा होता. हे रेकॉर्डिंग झालं नसतं तर तो काय होता, हे स्टुडिओतल्या दोन अल्बमवरून आपल्याला अर्धंमुर्धंच कळलं असतं.

आता दुरुस्त्यांबद्दल. हो, करतात, आणि पुष्कळ करतात. सुटलेला स्वर, बंद पडलेला माइक, चिरकलेला कोरस, हे मागाहून स्टुडिओत भरून काढतात. त्याला ओव्हरडब म्हणतात. थिन लिझी या बँडच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’ (१९७८) मध्ये नेमकं किती लाइव्ह आणि किती स्टुडिओ, यावर निर्माता टोनी व्हिस्कोंटी एक सांगतो आणि बँडमधली मंडळी दुसरंच. किस या बँडच्या ‘अलाइव्ह!’वरही असंच काम झालेलं आहे. मला स्वतःला सुधारलेल्या स्वराचं काही वाटत नाही. मला खुपतं ते श्रोत्यांच्या नावावर खोटा आवाज खपवणं. जॉनी कॅशने १३ जानेवारी १९६८ ला फॉलसम तुरुंगात कैद्यांसमोर गायलेला अल्बम मला प्राणप्रिय आहे. पण पहिल्याच गाण्यात खुनाचा उल्लेख येतो आणि त्या ओळीनंतर जो जल्लोष ऐकू येतो, तो मागाहून जोडलेला आहे. कैदी त्या क्षणी ओरडले नव्हते. पहारेकऱ्यांसमोर खुनाच्या ओळीवर कोण ओरडेल! खरी शांतता तिथे कितीतरी जास्त बोलली असती, असं मला मनापासून वाटतं.

याहून भारी किस्सा जॅझमधला आहे. ७ जुलै १९५६ ला न्यूपोर्टच्या महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातल्या पॉल गोन्साल्व्हिसने सॅक्सोफोनवर एकामागून एक सत्तावीस आवर्तनांचा सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, घेतला. लोक खुर्च्या सोडून नाचायला लागले, आणि उतरतीला लागलेलं एलिंग्टनचं नाव त्या रात्रीने पुन्हा वर आणलं. गंमत अशी की गोन्साल्व्हिस चुकीच्या माइकसमोर उभा होता. तो माइक रेडिओवाल्यांचा, व्हॉइस ऑफ अमेरिकाचा. त्यामुळे कोलंबिया कंपनीच्या टेपवर तो दूर कुठेतरी वाजवत असल्यासारखा ऐकू येतो. शिवाय त्या अल्बमचा बराच भाग लगोलग स्टुडिओत पुन्हा वाजवून त्याला टाळ्या जोडल्या होत्या. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडली, दोन्ही टेप जुळवल्या आणि १९९९ च्या आवृत्तीत ती रात्र पहिल्यांदा नीट ऐकू आली. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ लावून तो सोलो ऐका. जुन्या आवृत्तीत लोक का वेडे झाले, ते अंदाजाने समजून घ्यावं लागतं. नव्या आवृत्तीत सॅक्सोफोन समोर येऊन उभा राहतो आणि वाद्यवृंदातले सहकारी त्याला ओरडून चेव देताना ऐकू येतात.

द हू या बँडने याच्या उलट केलं. ‘लाइव्ह ॲट लीड्स’ १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठात ध्वनिमुद्रित झाला. वेष्टन मुद्दाम बूटलेगसारखं, म्हणजे परवानगीशिवाय काढलेल्या चोरट्या रेकॉर्डसारखं, साधं ठेवलं आणि रेकॉर्डच्या लेबलावर सूचना छापली की करकर ऐकू येते ती असू द्या, दुरुस्त करू नका. बेस एका कानात, गिटार दुसऱ्या कानात, मधे ड्रमर कीथ मूनचा गोंधळ. तीन वाद्यांत एवढा आवाज मावतो कसा, हे मला अजून उलगडलेलं नाही.

स्टुडिओवाल्यांची बाजूही तितकीच भक्कम आहे, आणि तुमचा तो मित्र बीटल्सचा चाहता असेल तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. १५ ऑगस्ट १९६५ ला शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर लोक आले आणि त्यांच्या किंकाळ्यांत चौघांना स्वतःचं वाजवणंही धड ऐकू येत नव्हतं. पुढच्या वर्षी ‘रिव्हॉल्व्हर’ आला, ५ ऑगस्टला. त्याच महिन्यात ते अमेरिकेच्या दौऱ्यावर होते, तरी या अल्बममधलं एकही गाणं त्यांनी मंचावर वाजवलं नाही. वाजवणार कसं? ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये टेपची वेटोळी फिरवून काढलेले आवाज आहेत आणि लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला आहे. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम झाला आणि पुढचं सगळं उत्तम काम स्टुडिओत जन्मलं. या गाण्यांची ‘लाइव्ह’ प्रत शोधायला जाणं व्यर्थ आहे. स्टुडिओ हेच त्यांचं वाद्य होतं. स्टीली डॅन या बँडचंही तसंच: १९७४ नंतर त्यांनी बरीच वर्षं दौरेच सोडले, आणि ‘एजा’ (१९७७) मधल्या एका गाण्याच्या सोलोसाठी एकामागून एक गिटारवादक बोलावून परत पाठवले. हा अतिरेक मला भावत नाही, पण निकाल कानाला कळतो.

या दोन बाजूंच्या मधोमध पिंक फ्लॉइड बसतो, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर हाच बँड देतो. ‘डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३ मध्ये आला, पण लोकांसमोर तो जानेवारी १९७२ पासून वाजत होता. म्हणजे विकत मिळण्याआधी वर्षभर चाहते तो ऐकत होते. त्या वर्षातली रेकॉर्डिंग आज ऐकता येतात. त्यातला ‘ऑन द रन’ तेव्हा गिटार-कीबोर्डचा एक ठीकठाक जॅम, म्हणजे उत्स्फूर्त वाजवणं, होता. स्टुडिओत तो टाकून दिला आणि सिंथेसायझरवर काही स्वर भरून ते भन्नाट वेगाने फिरवले. आज आपण ओळखतो तो तुकडा असा तयार झाला. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या जागी आधी धर्मग्रंथांतले उतारे ऐकवत असत. जानेवारी १९७३ मध्ये गायिका क्लेअर टोरीने शब्दांशिवाय गाऊन त्या जागेचं सोनं केलं. इथे मंचावर काय चालतं आणि काय रेंगाळतं ते आधी कळलं, मग स्टुडिओने रेंगाळणारं काढून टाकलं. कुठला तट जिंकला म्हणाल?

तुमच्या प्रश्नात न आलेला एक तिसरा प्रकार आहे: फक्त त्या रात्रीमुळेच घडलेलं संगीत, ज्याची स्टुडिओ आवृत्ती असूच शकत नाही. कीथ जॅरेटचा ‘द कोलोन कॉन्सर्ट’ रॉक नाही, एकट्या पियानोचा आहे, तरीही ऐकाच. २४ जानेवारी १९७५ ला कोलोनच्या ऑपेरा हाउसमध्ये त्याला हवा होता तो भव्य पियानो आलाच नाही. समोर होता तालमीचा लहान पियानो. वरचे सूर कर्कश, खालचे पोकळ, पेडल धड चालत नाहीत. त्याची पाठ दुखत होती, झोप झालेली नव्हती आणि कार्यक्रम रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू व्हायचा होता. काहीही न ठरवता तो वाजवायला बसला. पहिले काही सूर त्या ऑपेरा हाउसच्या घंटेच्या धूनेसारखे आहेत. नीट ऐकलंत तर ते ओळखून हसलेले लोकही ऐकू येतात. मग लक्ष डाव्या हाताकडे द्या. खर्ज भरत नाही म्हणून तो छोटे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवून तळ भरून काढतो, आणि उजवा हात बराच वेळ मधल्या पट्टीतच खेळवतो, कारण वरचे सूर टोचतात. या संगीताला जे रूप आलं ते त्या पियानोच्या खोडीमुळे. चांगला पियानो मिळाला असता तर हे संगीत झालं नसतं.

निर्वाणा या बँडचं ‘अनप्लग्ड इन न्यूयॉर्क’ याच जातीचं. १८ नोव्हेंबर १९९३ चं रेकॉर्डिंग. सगळ्यांना अपेक्षित असलेलं त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं त्यांनी वाजवलंच नाही, उलट चौदापैकी सहा गाणी इतरांची घेतली. शेवटच्या गाण्यानंतर एन्कोर, म्हणजे आग्रहाखातर आणखी एखादं गाणं, द्यायलाही गायक कर्ट कोबेनने नकार दिला. ते गाणं ऐकल्यावर त्याचं पटतं. आणखी काय वाजवणार होता तो?

श्रोत्यांबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण स्टुडिओवाले ‘मधेमधे तो गलका कशाला’ म्हणतात तेव्हा मला राहवत नाही. जेम्स ब्राऊनचा ‘लाइव्ह ॲट द अपोलो’ २४ ऑक्टोबर १९६२ चा. आधी आलेली गाणी पुन्हा कोण घेणार, म्हणून कंपनी तयार नव्हती. ब्राऊनने स्वतःच्या पैशाने रेकॉर्डिंग केलं आणि १९६३ मध्ये तो अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या अल्बमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्यातलं ‘लॉस्ट समवन’ ऐका. तो आवाज खाली आणत नेतो, अगदी कुजबुजीवर, आणि थांबतो. समोरून एक किंकाळी येते. तो तिला उत्तर देतो. दहा मिनिटं तो त्या गर्दीला वाजवतोय. टाळ्या काढून टाका, गाण्यात काही शिल्लक राहत नाही. आणि श्रोते भोळे असले तरी गोड वाटतात: १ ऑगस्ट १९७१ च्या कॉन्सर्ट फॉर बांगलादेशमध्ये पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ नुसती वाद्यं जुळवत होते, तेवढ्यावर लोकांनी जोरदार टाळ्या दिल्या. जुळवणी एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल, अशा अर्थाचं रविशंकर हसत म्हणाले, आणि ते रेकॉर्डवर तसंच ठेवलंय.

चाहते एकमेकांशी खरे भांडतात ते मात्र ‘स्टुडिओ की लाइव्ह’वर नसतं, ‘कुठली रात्र’ यावर असतं. ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांनी तर ही परंपराच केली. कार्यक्रम टेप करायला बँडची मुभा होती, १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांना बसायला वेगळी जागा मिळायला लागली, आणि टेप एकमेकांना पाठवताना पैसे घ्यायचे नाहीत हा अलिखित नियम. ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम अशाच टेपांवर दंतकथा झाला. अधिकृतपणे तो २०१७ मध्ये आला, म्हणजे चाळीस वर्षांनी, तोवर लोकांना तो पाठ होता. माझं मत विचाराल तर तो उत्तमच आहे, पण ‘सर्वोत्तम’ हा शिक्का त्याच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणामुळेही बसलाय. बॉब डिलनच्या बाबतीत तर चाहत्यांनी रात्रच चुकवली. ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ (लंडनचं सभागृह) या नावाने फिरणारा बूटलेग प्रत्यक्षात १७ मे १९६६ च्या मँचेस्टरच्या कार्यक्रमाचा निघाला. साधी गिटार सोडून इलेक्ट्रिक गिटार घेतल्याबद्दल श्रोत्यांतून कुणीतरी त्याला ‘जुडास’ (येशूला दगा देणारा शिष्य) म्हणून ओरडतो, तो हाच. १९९८ मध्ये अधिकृत अल्बम आला तेव्हा ते चुकीचं नाव अवतरणचिन्हांत घालून तसंच ठेवलं, कारण लोक त्याच नावाने ओळखत होते. ती ओरड आणि लगेच सुरू झालेलं शेवटचं गाणं, या दोहोंमधली काही सेकंदं मी कुठल्याही स्टुडिओ अल्बमशी बदलायला तयार होणार नाही.

तेव्हा सुरुवात अशी करा. ‘मशीन हेड’ पूर्ण, आठवडाभर, गाणी तोंडपाठ होईपर्यंत. मग ‘मेड इन जपान’. क्रम उलटा करू नका, कारण मूळ बांधणी डोक्यात नसेल तर वाजवणारे त्यातून कुठे निसटतात, ते कळत नाही. पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे दुर्लक्ष करा आणि फक्त ड्रम्स आणि बेसच्या मागे जा. सोलो चालू असताना ड्रमर त्याला काय उत्तर देतो, यावरून बँड एकमेकांना ऐकतोय की नुसता सराव केलेलं ओकतोय, हे लगेच समजतं. स्टुडिओतल्यासारखंच हुबेहूब वाजवलेला, फक्त टाळ्या जास्त असलेला लाइव्ह अल्बम लागला तर खुशाल बंद करा, त्यात काही नवं मिळायचं नाही. त्यानंतर ऑलमन ब्रदर्स, मग लीड्स. बीटल्स मात्र स्टुडिओतलेच ऐका, ‘रिव्हॉल्व्हर’पासून पुढे.

प्रत्यक्ष कॉन्सर्टला जायचा योग आला तर आधीच्या रात्रींची सेटलिस्ट, म्हणजे वाजवलेल्या गाण्यांची यादी, इंटरनेटवर शोधू नका. अल्बम पाठ असावेत, पण पुढचं गाणं कोणतं ते माहीत नसावं. आणि ‘कोलोन कॉन्सर्ट’ ऐकलात की डाव्या हाताबद्दल तुम्हाला काय वाटलं, ते इथे खाली नक्की लिहा, मला वाचायचं आहे.